वेल आणि फाटा

‘देवाशी एकरूप होणे’ हे शब्द आम्ही ख्रिस्ती माणसे प्रार्थनेत सहज उच्चारतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल व शिष्यांना फाटे म्हणतो. वेलीच्या रसावर जगणारा फाटा फाटाच राहतो. वेलीत विरून जात नाही. आणि माळी त्याला छाटतोही! रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. देवाशी जोडले गेल्याने सुरी चुकत नाही.

माझी आई निरक्षर. निफाडकडच्या द्राक्षबागांत ती मजुरी करते. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी वडील वारले. तेव्हापासून माझ्या ओठांवर प्रार्थना येईना. देव आपला असेल, तर हे रडू का थांबत नाही? मी आईला विचारले. ती म्हणाली, “छाटणीनंतर कापातून पाणी टपकतं ना? मेल्या काडीतून ते येत न्हाई, पोरा. पाणी येतंय म्हंजी मुळाशी नातं हाये.”

प्रार्थनेला अजून शब्द सापडत नाहीत. पण रडताना आपण देवापासून तुटलो आहोत, असे आता वाटत नाही.