'एअरिली' : हवेचा देह असलेला शब्द

१/ एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना मी एका क्रियाविशेषणापाशी अडलो. आजारी आईला मुलगा म्हणतो, काळजी करू नकोस. आणि हे तो 'एअरिली' म्हणतो. मी 'सहज' असे लिहून पुढे गेलो. शब्द मात्र पाठ सोडीना. त्याची ही कुळकथा.

२/ मूळ ग्रीक 'आएर'. होमरच्या काव्यात त्याचा अर्थ निव्वळ हवा नव्हे, तर दाट धुके. 'इलियड'मध्ये ॲफ्रोडायटी पॅरिसला अशाच धुक्यात लपवून रणांगणातून नेते. वरच्या तेजोमय आकाशाला निराळे नाव होते, 'ऐथेर'. 'आएर' पुढे लॅटिन व जुनी फ्रेंच या वाटेने इंग्रजीत आला.

३/ फ्रेंचमध्ये याच उच्चाराचा आणखी एक अर्थ होता : माणसाची चर्या, आविर्भाव. दोहोंचे मूळ एकच की वेगळे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. १६व्या शतकाच्या अखेरीस हाही अर्थ इंग्रजीत रुजला आणि हवा व मनोवृत्ती एकाच शब्दात नांदू लागल्या.

४/ शेवटचा 'ली' तर अधिकच नवलाचा. जुन्या इंग्रजीतील 'लीक' म्हणजे देह, आकार. त्याचाच हा झिजलेला अवशेष. म्हणजे 'एअरिली' बोलणे म्हणजे जणू हवेचा देह धारण करून बोलणे. कशाचेच ओझे नाही, कशाचाच स्पर्श नाही.

५/ आपली 'हवा' फारसीमार्गे आलेली, मुळात अरबी. अरबीत त्याच धातूपासून वासना या अर्थाचाही शब्द होतो. मराठीत हवा डोक्यात जाते, आणि नकोशा माणसाला आपण वाऱ्यावर सोडतो. हलकेपणातली बेपर्वाई आपल्या भाषेलाही ठाऊक आहे.

६/ वडील अखेरच्या वर्षी फोनवर सांगत, जिना चढताना धाप लागते. मी म्हणत असे, "हवा बदलली की होतं असं, बाबा. तुम्ही उगाच मनाला लावून घेता." ते क्षणभर गप्प राहत आणि मग माझ्या नोकरीची चौकशी करत. त्या स्वराला काय म्हणावे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. होमरचे धुके मात्र होते. त्यात मी स्वतःला लपवीत होतो.

७/ काल हस्तलिखित पुन्हा उघडले. 'सहज' खोडले आणि लिहिले : 'तिचे बोलणे उडवून लावत तो म्हणाला'.