हिंवाळ्याची मोटार

लोखंडाला मीठ लागूं देऊं नये, हें आमच्या कोंकणांत कोणाला शिकवावें लागत नाहीं. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्यानें खिडक्यांचे गज पाहतां पाहतां झिजून जातात. विळीचें पातें चार दिवस उघडें राहिलें तर त्यावर तांबूस थर चढतो. म्हणून आगोटीच्या दिवसांत, तांदूळ, सरपण व लोणचीं-पापड यांची बेगमी चाललेली असतांनाच कोयता, पहार, सुऱ्या व कुलुपें यांना तेलाचा हात फिरविण्याची चाल घरोघर असे. मीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. त्यामुळें धातूंशीं माझा संबंध बहुतांशीं व्याकरणापुरताच. तरी एवढी गोष्ट मलाही ठाऊक होती. असें असतां, ज्या देशानें मोटार घरोघर पोंचविली त्याच देशांत लोक दर हिंवाळ्यांत आपण होऊन रस्त्यांवर मीठ पसरतात व त्या मिठांतून मोटारी हांकतात, हें पाहून मला प्रथम मोठा अचंबा वाटला.

गेल्या वर्षीं ऑक्टोबरांत आम्ही उभयतां चिरंजीवाकडे मिशिगन राज्यांत, डेट्रॉइटजवळ राहावयास गेलों व मार्चअखेरपर्यंत तेथें होतों. मिठाचें कारण त्यानेंच समजावून सांगितलें आणि तें अगदीं घरगुती आहे. घरीं आइस्क्रीम करणाऱ्या गृहिणी पात्राभोंवतीं बर्फाबरोबर मीठ घालतात. त्या मिठामुळें पाणी शून्य अंशाखालींही गोठत नाहीं. रस्त्यावर पसरलेलें मीठ हेंच कार्य करतें. बर्फाचा थर सुटतो, त्याचा चिखल होतो व चाकाला पकड मिळते. उणे नऊ-दहा अंशांच्या खालीं साध्या मिठाचें बळ सरूं लागतें, म्हणून कडक थंडींत त्यांत कॅल्शियम क्लोराइडही मिसळतात. तें हवेंतील ओल ओढून घेतें आणि गाडीच्या पोटाला लागलें कीं तें पोट लवकर कोरडें होऊं देत नाहीं.

अमेरिकेंत ही रीत १९४० च्या दशकांत रुजूं लागली, आणि आतां त्या देशांत वर्षाकांठीं सुमारें दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतें. माझें गांव शिरोड्याच्या मिठागरांपासून फार दूर नाहीं. तेथें १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहांत लोकांनीं मूठभर मिठासाठीं तुरुंग पत्करला होता. त्या मुलखांत वाढलेल्या माणसाला मिठाचे ते डोंगर व तें वाटणारे ट्रक पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांतही मौज अशी कीं, डेट्रॉइट नगराच्या पोटांतच सुमारें साडेतीनशें मीटर खोल मिठाची मोठी खाण आहे. १९१३ सालीं जवळच्या हायलंड पार्क येथें फोर्ड यांच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास आरंभ झाला, आणि साधारण त्याच काळांत ही खाणही चालूं झाली. मोटार बनविणारें व मोटार खाणारें, दोन्ही एकाच भूमींत निपजलें.

खरें पाहतां मीठ स्वतः लोखंड खात नाहीं. लोखंडास खातात तीं हवा व पाणी. परंतु खाऱ्या पाण्यांतून विजेचें वहन सुलभ होतें, आणि त्यामुळें गंजण्याची क्रिया फार वेगानें चालते. थंडी कडक असतांना ती मंदावते, उबेंत पुन्हा जोर धरते. म्हणून मिठाच्या चिखलानें माखलेली गाडी न धुतां उबदार गॅरेजांत ठेवणें हें ती बाहेर ठेवण्यापेक्षांही वाईट. १९८० च्या दशकापासून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरण्याचें प्रमाण वाढलें, त्यामुळें आतांच्या गाड्या पूर्वीसारख्या चार-सहा वर्षांत कुजत नाहींत. तरीही दहा-पंधरा हिंवाळ्यांनंतर दारांच्या खालच्या कडा व चाकांवरच्या कमानी यांतून गंज डोकावूं लागतोच.

यावर तेथील कित्येक कुटुंबांनीं काढलेली तोड अशी. चांगली मोटार नोव्हेंबरांत धुऊन-पुसून, तेलाची टांकी भरून, विजेच्या घटाला हळूहळू विद्युत् पुरविणारें यंत्र लावून झांकून ठेवावयाची. आणि एक जुनी, स्वस्त गाडी मार्चपर्यंत रस्त्यावर झिजवावयाची. या गाडीला ते लोक ‘विंटर बीटर’ म्हणतात. आधींच मार खाऊन खिळखिळी झालेली व पुढेंही मार खाण्यासाठीं ठेवलेली, असा त्याचा भावार्थ. आपल्या घरांना ही कल्पना परकी नाहीं. जरीचें लुगडें ट्रंकेंत व सुती लुगडें अंगावर, चांदीचीं ताटें कपाटांत व पितळी मांडणीवर, नव्या वहाणा खुंटीला व जुन्या पावसाच्या चिखलांत. काटकसरीनें राहणारीं कुटुंबें अशींच चालतात. चिरंजीव हा त्याच वळणांत वाढलेला. त्यानें आपली नवी मोटार झांकून ठेविली व अठराशें डॉलरांस घेतलेली २००५ सालची गाडी दाराशीं उभी केली, तेव्हां मला त्यांत आमच्या घराण्याची शिस्तच दिसली.

या व्यवहाराचा हिशेबही मीं जुन्या संवयीनें कागदावर मांडून पाहिला. दुसरी गाडी म्हणजे दुसरी नोंदणी, दुसरी दुरुस्ती व दुसरा विमा. आणि मिशिगनमधील मोटारीचा विमा अमेरिकेंतील महागांपैकीं आहे. उभ्या गाडीचा विमा त्या काळापुरता हलका करतां येतो, एवढीच त्यांत सवलत. चांगली गाडी बारा-पंधरा वर्षें ठेवावयाची असेल तर ही युक्ति अंगीं लागते. चार-पांच वर्षांत ती विकून टाकणाऱ्यास मात्र वाचतें त्याहून जातें अधिक. शिवाय उभ्या गाडींत उंदीर घर करतात, तो हिशेब निराळाच. चिरंजीवाचा विचार गाडी दीर्घकाळ ठेवण्याचा होता, तेव्हां त्याचें गणित चुकीचें नव्हतें.

परंतु गाडी जपण्याचा हिशेब पुरा झाला म्हणजे सगळा हिशेब पुरा झाला, असें नाहीं. चिरंजीवाचें काम बहुधा घरीं बसूनच चालतें. सूनबाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेंत काम करतात. त्यांची पाळी सकाळीं सहाला सुरू होते. म्हणजे पहांटे पांचला, मीठ टाकणारे ट्रक कधीं येऊन गेलेले व कधीं यावयाचे असतांना, अंधारांत, निसरड्या रस्त्यानें बावीस मैल जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर. आणि त्यासाठीं घरांतील सर्वांत दुबळी गाडी त्यांच्या वांट्याची. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. पावसाळ्याची छत्री जशी हातास येईल ती उचलतात, तशी ही वांटणी आपोआप झाली होती. सूनबाईंना कोणी विचारलें असतें तर त्यांनीं “मला संवय आहे” असेंच सांगितलें असतें.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत ती गाडी तेल बदलण्यासाठीं कारागिराकडे गेली. त्यानें ती उचलणीवर चढवून आम्हां पितापुत्रांना खालीं बोलाविलें व तिचा तळ दाखविला. ब्रेकचें तेल वाहून नेणाऱ्या पोलादी नळ्यांवर गंजाचे पापुद्रे सुटले होते. त्यानें पेंचकस नुसता टेकविला तो सांगाड्याच्या एका पट्टींतून सरळ आरपार गेला. अशा नळ्या एरव्हीं चालतात. पायाचा भार सर्वांत अधिक पडतो त्या क्षणीं, म्हणजे संकटाच्याच वेळीं, त्या फुटावयाच्या. हें दुर्लभही नाहीं. २०१५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग-वाहतूक-सुरक्षा खात्यानें, मीठ पडणाऱ्या राज्यांतील लोकांनीं, विशेषतः २००७ किंवा त्यापूर्वींच्या गाड्या बाळगणारांनीं, ब्रेकच्या नळ्या तपासून घ्याव्या व गाडीचा तळ धूत जावा, असा जाहीर सल्ला दिला होता. कित्येक राज्यांत दरसाल गाडीची तपासणी करवून घ्यावी लागते; मिशिगनमध्यें तसें बंधन नाहीं. तेथें हें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.

गाडी भंगारांत गेली. घरीं परततांना चिरंजीव म्हणाला, “नाना, दोन हजारांत अशीच दुसरी बघतों. चार महिन्यांचा तर प्रश्न.” मी कांहीं बोललों नाहीं. मुलाच्या संसारांत न मागतां सल्ला देऊं नये, असा माझा नियम आहे. परंतु गोष्ट सांगूं नये असा नियम नाहीं. म्हणून त्या संध्याकाळीं चहाच्या वेळीं मीं माझ्या आईच्या कांबळ्याची हकीकत सांगितली.

आम्ही चार भाऊ. थोरले बंधु चौथींतून शाळा सोडून बाग व शेत पाहूं लागले होते, म्हणून आम्ही धाकटे शिकूं शकलों. घरांत वर्षाला एकच नवें कांबळें घेण्याची ऐपत होती. शेजारच्या बायका आईला म्हणत, “शाळेंत जाणाऱ्याला नवें द्या, चार माणसांत दिसतें. शेतांतल्याला जुनें चालेल, तें चिखलांत खराबच व्हावयाचें.” आईनें तें कधींच ऐकलें नाहीं. दर आगोटीला नवें कांबळें ती थोरल्याच्या खांद्यावर घाली व म्हणे, “शाळेंतला छपराखालीं बसतो. पावसांत उभा राहतो तो हा.” आम्ही धाकटे दोन-दोन वर्षें वापरलेलीं कांबळीं पांघरून शाळेस जात असूं. नवें कांबळें खराब होई हें खरेंच, पण बंधु एकाही पावसाळ्यांत आजारी पडल्याचें मला आठवत नाहीं.

गोष्ट संपल्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाईंनीं कप उचलले. चिरंजीव बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसला होता.

नव्या मोटारीसाठीं चकचकीत हौशी चाकें घ्यावीं म्हणून त्यानें वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. त्या आठवड्यांत ते पैसे मोडून त्यानें २०१४ सालची एक गाडी घेतली. तिचें एक दार चेपलेलें व रंग उडालेला. पण तळ कोरा व ब्रेक खणखणीत. अमेरिकेंत २०१२ च्या बनावटीपासून प्रत्येक नव्या मोटारींत, घसरूं लागलेली गाडी आपोआप सांवरणारी यंत्रणा असणें सक्तीचें आहे; जुन्या गाडींत ती नव्हती, हींत आहे. तिला चार नवे हिंवाळी टायर घातले. साधें रबर सात अंशांच्या खालीं कडक होऊं लागतें व त्याची पकड सुटते. हिंवाळी टायरचें रबर थंडींतही मऊ राहतें, आणि अशा टायरवर तीन शिखरें व हिमकण यांचें चिन्ह असतें. शेजारच्या कॅनडांत क्वेबेक प्रांतानें २००८ पासून असे टायर कायद्यानेंच सक्तीचे केले आहेत. या सर्वांस पूर्वीच्या गाडीच्या तिप्पट खर्च आला. नवी मोटार झांकलेलीच राहिली. तिला जपण्याचा बेत कोणी सोडला नाहीं.

आम्ही व्याकरण शिकविणारे प्रधान व गौण असा भेद करीत असतों. दोन गाड्यांत नवी प्रधान व जुनी गौण, हें मान्य. पण त्यामुळें जुन्या गाडींत बसणारें माणूस गौण होत नाहीं. घोटाळा होतो तो येथें. स्वस्त वस्तु वापरण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तिचा स्वस्तपणा रंगांत, गादींत, चेपलेल्या दारांत असावा. ब्रेकांत व टायरांत नसावा. दिखाऊ भागांत काटकसर करावी आणि जिवाशीं गांठ असलेल्या भागांत हात सैल सोडावा. एकत्र कुटुंबांत तर हें फार जपावें लागतें. घरोघर एखादें माणूस असें असतें कीं, सर्वांत आधीं उठून सर्वांत वाईट हवेंत बाहेर पडणें त्याच्या वांट्याला येतें, आणि तें कुरकुर करीत नाहीं म्हणून जुनें तें त्याच्याकडे सरकत जातें. त्यानें मागितलें नाहीं तरी नवें कांबळें कोणाच्या खांद्यावर घालावयाचें, हें घरांतल्या वडील माणसानें ओळखलें पाहिजे.

आज आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें-मुली बर्फाच्या देशांत आहेत. त्यांच्याशीं बोलतांना जेवणाची व थंडीची चौकशी आपण करतोंच. तींत आणखी दोन प्रश्न घालावे: हिंवाळ्यांत कोणती गाडी वापरतां, आणि तिचा तळ शेवटचा कधीं पाहिला?

मार्चअखेर पाऊस लागला व रस्त्यांवरचें मीठ वाहून गेलें. आमच्या निघण्याला दोन दिवस उरले होते. नव्या मोटारीवरचें झांकण अद्याप निघालें नव्हतें. चिरंजीव पाण्याची नळी घेऊन अंगणांत उतरला, आणि चेपलेल्या दाराच्या त्या गाडीखालीं वांकून त्यानें प्रथम तिचा तळ धुतला.