दोनच काळ, तरी गोंधळ

जपानी क्रियापदाला भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही, लिंग-वचनाची भानगड नाही, हे ऐकून मी खूश झाले होते. 'ताबेरु' म्हणजे खातो, खाते, खातात आणि खाईनसुद्धा. 'ताबेता' म्हणजे खाल्लं. संपलं! मग भाषांतराला वाक्यं मिळाली आणि डोकं गरगरायला लागलं.

'केक्कोन शितेइमास.' 'केक्कोन' म्हणजे लग्न आणि 'तेइमास' म्हणजे 'तेइरु'चंच नम्र रूप. 'तेइरु' आलं की क्रिया चालू, असं वहीत ठळक लिहिलेलं. मग हा माणूस आत्ता बोहल्यावर उभा आहे का? तर नाही, त्याचं लग्न झालेलं आहे. 'शिंदेइरु' म्हणजेही मरतोय नव्हे, मेलेला आहे. खाणं, वाचणं काही वेळ चालतं, तिथे 'तेइरु' चालू क्रिया दाखवतं. मरण क्षणात घडतं, तिथे तेच रूप नंतरची अवस्था सांगतं.

पुढचा फटका 'तोकी'चा, म्हणजे 'तेव्हा'चा. 'निहोन ए इकु तोकी, काबान ओ काइमाशिता.' म्हणजे जपानला जायच्या वेळी बॅग घेतली. बॅग घेऊन झाली, मग जाणं 'इकु' कसं? भूतकाळातलं 'इत्ता' का नाही? तर 'इकु' असेल तेव्हा बॅग जपानला पोचण्याआधी घेतली. 'इत्ता' असेल तर तिथे गेल्यावर. पोटवाक्यातला काळ आजच्या तारखेवरून नव्हे, मुख्य क्रियेवरून मोजायचा.

रोजच्या बोलण्यातल्या वाक्यांनी मात्र दिलासा दिला. पोटात कावळे ओरडताहेत आत्ता, आणि जपानी माणूस भूतकाळात म्हणतो, 'ओनाका गा सुइता'. इंग्रजीतून अर्थ लावत बसले तेव्हा हे विचित्र वाटलं. पण आपण तरी काय म्हणतो? भूक लागली! 'त्सुकारेता' म्हणजे दमले. बस लांबून येताना दिसली की 'बासु गा किता!', म्हणजे आली बस! घरातून निघताना 'इत्ते किमास', जाऊन येते. 'तेइरु'चंही तसंच: 'सुवात्तेइरु'ला 'बसलाय' म्हटलं की काम झालं. तेव्हापासून वहीतला इंग्रजी रकाना मी कोराच ठेवते.

तरी सगळं सुटलंय असं नाही. झालेल्या मदतीबद्दल आभार मानताना 'आरिगातोउ गोझाइमाशिता' म्हणतात, चक्क भूतकाळात. आभार तर आत्ता मानतोय ना? मदत पूर्ण झाली म्हणून 'माशिता', हे डोक्याला पटतं. पण तास संपल्यावर सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना, म्हणायची वेळ आली की जीभ अजून 'गोझाइमास'वरच थांबते.