आधी गॅस, मग दिवा

पेडणे,
२५ मे

चि. भाचेबुवांस,

डिचोलीच्या घरी तू मांडलेली टाकी चार फुटी, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे लिटरांची. सध्याच्या दिव्याखाली झाडं जेमतेम तग धरून आहेत, पैसे एकाच वस्तूपुरते आहेत, आणि आधी झगझगीत एलईडी घ्यावा की कार्बन डायऑक्साइडचा सेट, असं तू विचारतोस. दुकानदार दिवा आधी घ्या म्हणतात, कारण दिवा विकणं सोपं. पेटवला की गिऱ्हाईक खूश. माझं मत उलटं आहे. आहे तोच दिवा ठेव, वाटल्यास तासभर कमी लाव, आणि पैसे गॅसला घाल. आपल्या भागातल्या पाण्यात तर मला याला पर्यायच दिसत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं ‘मामा म्हणतो म्हणून’ तू ऐकणाऱ्यातला नाहीस.

झाडाच्या सुक्या वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. नायट्रेट, पोटॅश, लोह यांच्या बाटल्यांवर आपण चर्चा करतो, पण त्या सगळ्यांचा हिस्सा मिळून या एका कार्बनच्या पासंगालाही पुरत नाही. जमिनीवरच्या झाडाला तो वाऱ्याबरोबर मिळत राहतो. पाण्याखाली दोन अडचणी एकदम येतात. पहिली, हवेशी जुळून शांत झालेल्या पाण्यात, आपल्याकडच्या तापमानाला, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडाच अधिक कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो. दुसरी, हवेच्या मानाने पाण्यात हा वायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पानाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरातला वायू संपला की नवा यायला वेळ लागतो. हौशी लोक टाकीत २० ते ३० मिलिग्रॅम ठेवतात ते हौसेखातर नव्हे, या थरातून पुरेसा वायू रेटायला तेवढी दाटी लागते म्हणून.

आता आपल्या पाण्याकडे ये. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत पायाखाली जांभा आहे. जांभ्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर, पण चुना जवळपास धुऊन गेलेला. पावसाचं पाणी मातीतून झिरपतं तेव्हा मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून मातीत साठलेला कार्बन डायऑक्साइड, जो हवेतल्या प्रमाणाच्या कितीतरी पट असतो, ते बरोबर घेतं. चुनखडीच्या प्रदेशात हा वायू दगडावर खर्च होऊन त्याचं बायकार्बोनेट बनतं आणि पाणी जड होतं. आपल्याकडे खर्च व्हायला दगडात काही नाही, म्हणून तो मोकळाच राहतो. विहिरीचं पाणी हलकं आणि आंबट का, याचं निम्मं उत्तर यात आहे. सगळी पाणझाडं सारखी नसतात हे इथे महत्त्वाचं ठरतं. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया बायकार्बोनेट फोडून त्यातला कार्बन वापरू शकतात; रोटाला, क्रिप्टोकोरीन, मॉस यांना ते जमत नाही, त्यांना मोकळा वायूच लागतो. म्हणजे डोंगरकडच्या झरीवर, जिथे पाणी नुकतंच जमिनीबाहेर येतं, तिथे वाढणारं झाड गॅसवर पोसलेलंच असतं. तेच पाणी दगडावर आपटत काही अंतर गेलं की वायू उडून जातो. कळशीतलं विहिरीचं पाणीही रात्रभर उघडं राहिलं की तसंच वायुहीन होतं, तेव्हा ‘रोज ताजं विहिरीचं पाणी घालतो, सिलिंडर कशाला?’ हा मार्ग बंद समज. ती मेजवानी काही तासांची असते.

गॅस घालणं कृत्रिम आहे, या आक्षेपाला यातच उत्तर मिळतं. कृत्रिम काही असेल तर ती काचेची पेटी, जिच्या तळाशी झरा नाही. जर्मनीच्या कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांचं ‘द ऑप्टिमम अ‍ॅक्वेरियम’ १९८६ साली इंग्रजीत आलं. रेतीखाली जांभा घाला आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड द्या, असं त्यांचं सांगणं, कारण उष्ण प्रदेशांतल्या ओढ्यांत त्यांना हेच दिसलं होतं. (तिकडे पुडीत बांधून विकला गेलेला जांभा तुझ्या परसात फुकट आहे. चाळून, धुऊन रेतीखाली पातळ थर दे. तिथे प्राणवायू कमी पडतो आणि त्यातलं गंजलेलं लोह मुळांना घेता येण्याजोगं होतं.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो डायना वॉल्स्टॅड यांच्या ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अ‍ॅक्वेरियम’ या १९९९च्या पुस्तकाचा आधार घेऊन करता येतो. मातीचा थर घाला, ती कुजताना कार्बन डायऑक्साइड देते, सिलिंडर लागत नाही, आणि टाकी वर्षानुवर्षं चालते. हे खरं आहे. तुला क्रिप्टोकोरीन, जावा फर्न आणि मॉस एवढंच ठेवायचं असेल तर हे पत्र इथेच मिटवून ठेव आणि त्या वाटेने जा. खर्च कमी, कटकट कमी. पण तुला लालभडक रोटाला मॅक्रँड्रा हवी आहे आणि पुढे जमिनीलगत हिरवळ हवी आहे. मातीतून येणारा वायू सुरुवातीला भरपूर असतो आणि पुढे ओसरत जातो, शिवाय वॉल्स्टॅड-पद्धतीच्या टाकीत बायकार्बोनेटवर जगणारी झाडं जो हातभार लावतात, तो आपल्या हलक्या पाण्यात फारसा मिळत नाही. मुळात बायकार्बोनेटच कमी.

मग दिवा वाढवला तर? दिवा म्हणजे झाडाकडे मागणी वाढवणं. कच्चा माल नसताना मागणी वाढली की झाड अडतं आणि मोकळा पडलेला प्रकाश शेवाळ खातं, कारण पाण्यात जो थोडा कार्बन आहे तो शेवाळाच्या बारीक तंतूंना मोठ्या पानापेक्षा सहज मिळतो. डेन्मार्कच्या ओले पेडरसन आणि सहकाऱ्यांनी रिक्सिया या वनस्पतीवर प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड वेगवेगळ्या प्रमाणांत देऊन वाढ मोजली. दोन्ही वाढवल्यावर वाढ सर्वांत जोमदार झाली, यात नवल नाही. नवल यात की मंद प्रकाशातही नुसता वायू वाढवल्यावर वाढ चांगलीच वाढली. त्याचं कारण असं देतात की वायू मुबलक असला की तो पकडण्याच्या यंत्रणेवर झाडाला कमी खर्च करावा लागतो आणि वाचलेली शक्ती प्रकाश गोळा करण्यात घालता येते. म्हणजे गॅस आला की आहे तोच दिवा झाडापुरता जास्त उजेड देतो. दिव्याने मात्र गॅसची उणीव भरत नाही, उलट ती उघडी पडते. आधी दिवा आणि शेवाळ आल्यावर गॅस, हे वरातीमागून घोडं.

आता मोजमाप, कारण आपल्याकडे बहुतेकांची फसगत इथेच होते. सगळीकडे एक तक्ता फिरतो: पाण्याचा केएच (बायकार्बोनेटचं माप) आणि पीएच मोजा, आणि विरघळलेला वायू वाचा. त्यामागचं गणित तीन गुणिले केएच गुणिले दहाचा (सात वजा पीएच) वा घात. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर सुमारे ३० मिलिग्रॅम येतात. गणित बरोबर आहे, पण ते जड पाण्याच्या लोकांना सोयीचं. नळाचं पाणी चांदेलच्या शुद्धीकरण प्रकल्पाचं असो की पडोशाच्या, विहिरीचं तर बोलायलाच नको, पाच मिलिलिटर पाण्यात केएचच्या बाटलीतला पहिलाच थेंब पडला आणि रंग पालटला तर तुला कळलं काय? केएच एक किंवा त्याहून कमी, एवढंच. आता समज पीएच ६.२ आहे. केएच १ धरलास तर १९ मिलिग्रॅम. अर्धा असेल तर साडेनऊ. मोजताना हात चुकून २ धरलास तर ३८. एका थेंबात झाडं उपाशी की मासे गुदमरलेले, हा फरक लपलेला आहे. दहा किंवा वीस मिलिलिटर पाणी घेऊन मोज, म्हणजे थेंब अर्ध्या किंवा पाव अंशाचा होईल. एवढं करूनही टाकीत लाकूड असेल तर त्यातलं टॅनिन पीएच खाली ओढतं आणि तक्ता खोटा मोठा आकडा दाखवतो. म्हणून तक्ता सोड आणि ड्रॉप चेकर लाव. त्यात तुझ्या टाकीचं पाणी भरायचं नाही. नेमक्या ४ केएचचं तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. टाकीतला वायू मधल्या हवेतून त्यात जातो, बाकीची आम्लं जात नाहीत. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ३०च्या आसपास, पिवळा म्हणजे धोका. फक्त तो तास-दोन तास मागे असतो, तेव्हा नॉब फिरवून लगेच रंग बघत बसू नकोस.

हलक्या पाण्यात गॅस घातला तर पीएच कोसळतो आणि मासे मरतात, अशी भीती तुला कोणी तरी घातली असेल, आणि त्यावर टाकीत सोडा किंवा शिंपल्यांचा चुरा घालून केएच वाढवण्याचा सल्लाही. ते करू नकोस. गॅसमुळे रोज पीएच खाली-वर होतो त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही. पाण्यातले क्षार तेवढेच राहतात. त्रास होतो तो खुद्द वायूचा. पाण्यात तो जास्त झाला की माशाच्या रक्तातला वायू कल्ल्यांतून बाहेर पडत नाही आणि रक्ताची प्राणवायू धरण्याची ताकद घटते. केएच वाढवून पीएचचा आकडा देखणा दिसेल, वायू तेवढाच राहील, आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतच राहतील.

या जागी आपलं हवामान आडवं येतं. २५ अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यात गरम पाण्यात माशांना तो लागतोही जास्त. ओढ्यातले मासे, उदाहरणार्थ आपल्या गोवा-कर्नाटकातल्या घाटांतला सेतनाई बार्ब, खळखळत्या पाण्याला सरावलेले. तेव्हा परदेशातल्या २५ अंशांच्या टाक्यांसाठी सांगितलेले ३० मिलिग्रॅम आपण गाठायलाच हवेत असं नाही. १५ ते २० पुरे. ड्रॉप चेकर निळसर हिरव्यावर ठेव. पोपटी दिसला की कमी कर. फिल्टरची तोटी वर करून पृष्ठभाग हलता ठेव. त्याने गॅस उडतो ही तक्रार खरी आहे, पण गॅस स्वस्त आहे आणि प्राणवायू तिथूनच येतो. आणि रोजचं प्रमाण सारखं ठेव. आज भरपूर, उद्या बंद, अशा टाकीत काळं ब्रशसारखं शेवाळ धरतं, हा हौशी लोकांचा सगळीकडचा अनुभव आहे. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आपोआप मिटतो आणि गॅस थांबतो, ते चांगलंच. पण फिल्टरही थांबतो, दिवाही विझतो, आणि आधी विरघळलेला वायू पाण्यातच राहतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप सेटचाच भाग धर. टायमर असा लाव की दिवा लागण्याआधी दोन तास गॅस सुरू होईल आणि दिवा मालवण्याआधी एक तास बंद.

साखर-यीस्टच्या बाटलीवर भागेल का? काजूच्या मोसमात भट्टीवर रस आंबताना फेस येतो तो याच वायूचा, आणि उकाड्यात ते किती झपाट्याने होतं ते तुला माहीत आहे. बाटलीचंही तसंच, पहिले दिवस धो-धो, मग थेंब-थेंब, आणि रात्री बंद करायची सोय नाही. सायट्रिक अ‍ॅसिड आणि खाण्याच्या सोड्याची दाबाची बाटली बरी: २०० ग्रॅम सोड्यातून फार तर १०५ ग्रॅम वायू मिळतो. दोन फुटी टाकीला चालेल. तुझ्या चार फुटीला सिलिंडरच हवा.

सिलिंडर दोन किलोचा घे, पाचचा नको. हिशेब सांगतो. दोन किलो वायू बाहेर पडला तर साधारण अकराशे लिटर होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत ते प्रमाण चार टक्क्यांच्या घरात जातं, आणि तेवढंच जिवाला तत्काळ धोक्याचं मानतात. पाच किलो गळाला तर दहा टक्के. म्हणून झोपायच्या खोलीत नको, उभाच ठेव, भिंतीला पट्ट्याने बांध. आडवा झाला तर रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो. नागपूरच्या ‘पेसो’ या स्फोटक-सुरक्षा संस्थेची मान्यता आणि चाचणीची तारीख कोरलेली नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी परत कर. रेग्युलेटर ऑनलाइन मागवण्याआधी सिलिंडरच्या तोंडाचा आटा तपासून घे. परदेशी रेग्युलेटरचा आटा आपल्या व्हॉल्व्हला जुळेलच असं नाही, मग अ‍ॅडॅप्टर शोधत फिरावं लागतं. आणि दाबाच्या काट्यावर विसंबू नकोस. आत द्रव आहे तोवर काटा २५ अंशांना ६४ बारच्या आसपास दाखवतो, सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला. ३१ अंशांवर तर आत द्रव असा उरतच नाही, आणि आपली मे महिन्यातली दुपार त्याच्या वरच असते. किती उरलं ते कळायला तराजू हाच उपाय: रिकाम्याचं वजन सिलिंडरवर कोरलेलं असतं, ते वजा कर. हे वजन गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात न विसरता कर, कारण चवथीचे चार-पाच दिवस तुला कोणी गॅस भरून देणार नाही.

तुझा,
मामा