पालीच्या पायाखाली काय घालायचं?

तिला पापण्या आहेत! खऱ्या, उघडझाप करणाऱ्या पापण्या! आपल्या ट्यूबलाइटमागच्या पालीला हलत्या पापण्या नसतात, ती बिचारी जिभेनं डोळे पुसते, हे मला या वयात कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. आता तुम्ही सापडलात. बसा.

तर माझा भाचा बदली होऊन मिरजेला आला आणि सोबत एक काचेची पेटी घेऊन आला आणि त्या पेटीत आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको! पश्चिम आफ्रिकेतली, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतच्या पट्ट्यातली जाड शेपटीची पाल. त्या शेपटीत चरबी साठवते, अडीअडचणीची शिल्लक! रानातून धरलेली नाही, माणसांकडेच जन्मलेली. आईनं पेटीत डोकावून फक्त एवढंच विचारलं, "भिंतीवरचीला झाडू आणि हिला काचेचा बंगला? पंचांगात पल्लीपतन बघून ठेवू का गं?"

आणि मग भाचा म्हणाला, "मावशी, खाली काय घालायचं ते तू बघ, मला ऑफिस आहे." मी म्हटलं, हात्तिच्या! वाळू टाकू!

"वाळू नको!" तो दारातूनच ओरडला. आणि गेला! कारण न सांगता! आता मला झोप येणार होती का?

मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही, पशुवैद्य नाही, मला फक्त खोदून खोदून विचारायची सवय आहे. पण हे बघा की! भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या गाद्या असतात, त्यांच्या जोरावर ती छतावर उलटी फिरते. हिला त्या गाद्याच नाहीत! नुसत्या नख्या! ही काचेवर चढूच शकत नाही! म्हणजे हिचं सगळं आयुष्य जमिनीवर, आणि म्हणून पायाखालचा थर हाच हिचा बिछाना, हाच हिचा ओलावा आणि शिकारीवर झडप घालताना चुकून तोंडात जाणाराही हाच!

आणि गोची तिथंच आहे. किड्याबरोबर वाळूचे कण पोटात जातात, साचतात, आतडं तुंबतं. बाजारात 'कॅल्शियमची वाळू' म्हणून रंगीबेरंगी पाकिटं मिळतात, पचते म्हणे! पण कॅल्शियम कमी पडलेली पाल ती मुद्दाम चाटत बसते आणि त्याचाच गोळा होतो! अक्रोडाच्या टरफलांचा चुरा त्याहून वाईट, टोकदार आणि न पचणारा. कार्पेट? त्यात नख्या अडकतात. मात्र सगळं खापर वाळूवर फोडू नका हं! पेटी गार असेल, पाल तहानलेली असेल, कॅल्शियम कमी असेल, तर पचनच मंदावतं आणि थोडे कणसुद्धा जड जातात. ऊब असलेली, धडधाकट पाल किरकोळ कण बाहेर टाकून मोकळी होते.

आणि मग मी शेजारच्या बांधकामावरून दोन चिमटी आणल्या! एक जुन्या ढिगातली नदीची वाळू, एक हल्ली सर्रास वापरतात ती क्रश सँड. बाबांच्या भिंगाखाली धरल्या आणि मी किंचाळले! नदीचे कण गोल, गुळगुळीत, काही तर चक्क पारदर्शक! आणि क्रश सँड म्हणजे नुसत्या धारा आणि कोपरे, दगड फोडूनच केलेली ना ती! दोन्ही राखाडी, दोन्ही वाळूच, आणि पोटात गेल्यावर किती फरक! तुम्हीही बघा, भिंग शोधा आधी.

मग माझं मिरजकर डोकं चाललं. आपल्याकडे तंतुवाद्यांची गल्ली आहे! 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं रंध्याखालून तून लाकडाच्या सुरेख ढलप्या पडत असतात, फुकट! पण नाही! देवदार, पाइन अशा वासाच्या लाकडांतल्या तेलांची वाफ बंद पेटीत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या श्वसनाला त्रास देते. तूनलाही वास आहेच, मग कशाला परीक्षा घ्यायची? तंबोऱ्याचं लाकूड तंबोऱ्यालाच राहू दे.

शेतातली माती? आमच्या भागात ऊस आणि द्राक्षं, म्हणजे खतं आणि फवारे! शिवाय काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ती बाद.

मग घालायचं काय? अहो, कागद! साधा टिश्यू पेपर! नवी पाल घरी आली की आधी महिनाभर तरी कागदच, कारण शी दिसते, ती कशी आहे ते कळतं, आजार असला तर लक्षात येतो. आणि ऐका, ती एकाच कोपऱ्यात शी करते! रोज तोच कोपरा! आमच्या घरातल्या माणसांना एवढी शिस्त नाही!

आणि मग, सगळं ठीक दिसलं की, खरी मजा! खत न घातलेली साधी माती सुमारे 70 टक्के, धुतलेली नदीची बारीक वाळू 30 टक्के, हवं तर थोडं भिजवून धुतलेलं कोकोपीट. रोपवाटिकांमुळे कोकोपीट आपल्याकडे सहज मिळतं, फक्त खत मिसळलेलं नको. नुसतं कोकोपीट कोरडं पडलं की धूळ उडते, फार ओलं ठेवलं की बुरशी. मिश्रण मुठीत दाबायचं: लाडू वळला पाहिजे आणि पाणी गळता कामा नये! ते दाबून पाच-दहा सेंटीमीटर थर केला की ती उकरते! स्वतःच्या इवल्या हातांनी! एका झाकलेल्या डबीत ओलं शेवाळ ठेवायचं, नाहीतर कात टाकताना बोटांवर कातडी अडकून बोटं आवळली जातात. किडे वाटीत द्यायचे, म्हणजे माती तोंडात कमी जाते. आणि जाड थराखाली हीटिंग मॅट नको, ऊब आत कोंडते. वरून दिवा द्यायचा, थर्मोस्टॅटसह. ऊबदार बाजू 32 अंशांच्या आसपास, दुसरी बाजू गार. मिरजेच्या एप्रिलमध्ये मात्र गार बाजूचीच काळजी जास्त! शी थांबली, पोट फुगलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठायचा.

आणि मग कळलेली सगळ्यात भारी गोष्ट! साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर आपली स्वतःची एक पाल आहे, हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस! वरद गिरी आणि आरन बाउअर यांनी 2008 मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. जांभ्या दगडाचं ते पठार हाच तिचा थर, तिला कुणी 70-30 मिसळून द्यावं लागत नाही! साताऱ्याला गेलात तर बघायला जरूर जा, पण तिच्या डोक्यावरचे दगड उलथवू नका, आणि तिला डबीत घालून तर मुळीच आणू नका. आणि तुमच्या घरी रीतसर आणलेली नवी पाल असेलच, तर माती उद्यावर टाका. आज रात्री आधी टिश्यू पेपर!