‘आम्ही जात मानत नाही’ आणि आमचा मसाल्याचा सर्व्हे



आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाचा कांदा-लसूण मसाला वस्तीत आणि जयंतीच्या स्टॉलवर हातोहात खपतो. पण बाजारपेठेतल्या किराणा दुकानांत ठेवलेली पाकिटे बहुतेक तशीच परत येतात. गटाला माता रमाईचे नाव आहे आणि ते पाकिटावर ठळक छापलेले असते. एका बैठकीत गटातल्या थोरल्या ताईंनी आम्हाला सरळच विचारले, “नावामुळं खपत नाही का रे? तुम्ही शिकलेली पोरं, शोधून सांगा.”

आमच्यातला एक जण एमबीए करत होता. त्याला कॉलेजात प्रकल्पही द्यायचा होता. आम्ही लगेच म्हणालो, सर्व्हे करू. प्रश्न नीट समजून घ्यायच्या आधीच पद्धत ठरवून मोकळे झालो, ही आमची पहिली चूक.

प्रश्नावली छापली. चव कशी, किंमत परवडते का, पाकीट आवडले का. आणि शेवटी, मसाला घेताना बनवणाऱ्याची जात बघता का? घरोघर एकच उत्तर: “छे, आम्ही जात मानत नाही.” एका काकूंनी हे उत्तर देताना आमचे आडनाव मात्र दोनदा विचारून घेतले. फॉर्ममध्ये ते लिहायला रकानाच नव्हता!

मार्केटिंगच्या पुस्तकांत संशोधनाचे तीन आराखडे सांगतात. प्रश्नच धूसर असेल तेव्हा शोधक, म्हणजे बसून बोलणे, बघणे, ऐकणे. कोण, किती, कुठे हे मोजायचे असेल तर वर्णनात्मक; आपला सर्व्हे हा त्यातला. आणि अमुक गोष्टीमुळेच तमुक घडते का हे तपासायचे असेल तर कारणात्मक, म्हणजे प्रयोग. ताईंचा प्रश्न ‘नावामुळे का’ असा होता. ‘मुळे’ हा शब्द प्रयोग मागतो. आम्ही हजार फॉर्म भरून आणले असते तरी तीच चूक हजार वेळा झाली असती.

हे आम्हाला आधीच कळायला हवे होते, कारण आपल्याकडे त्याचे ठळक उदाहरण आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. सवर्ण नावाच्या तुलनेत बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. तिथे सगळे म्हणत होते, आम्ही फक्त मेरिट बघतो. पण त्याच मुलाखतींतून हेही बाहेर आले की उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आवर्जून विचारली जाते. म्हणजे मुलाखत वाया जात नाही. ती भेदाची भाषा दाखवते. भेद किती हे मोजायला मात्र प्रयोगच लागतो.

मग आम्ही प्रयोग आखला. मसाला एकच, वजन एकच, किंमत एकच, लेबले दोन: एक रमाईच्या नावाचे, एक साधे. चार दुकाने. आठवडी बाजार आणि पगाराची तारीख यांचा गोंधळ होऊ नये म्हणून लेबले आठवड्याआड अदलाबदल करायची. कागदावर सगळे चोख होते.

भांडण इथे सुरू झाले. एक मित्र म्हणाला, परीक्षेसाठी का होईना, रमाईचे नाव झाकायचे हाच अपमान आहे. दुसरा म्हणाला, मग थोरातांनीही अर्जावर खोटी नावे घालायला नको होती का? रात्रभर वाद झाला. सकाळी ताईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “नाव आम्ही काढणारच नाही. मग ते काढून किती खपतं हे मोजून मी काय करू?”

एमबीएवाला गप्प झाला. त्याच्या पुस्तकात हेच पहिल्या प्रकरणात होते: उत्तराने कोणता निर्णय बदलणार, ते आधी विचारा.

मग ज्या कामापासून सुरुवात करायला हवी होती ते आम्ही शेवटी केले. दुकानदारांना विचारून दोन दुकानांत संध्याकाळी नुसते बसून राहिलो. एका ठिकाणी आमची पाकिटे तेलाच्या डब्यांमागे, खालच्या फळीवर. दुसऱ्या ठिकाणी गल्ल्याच्या पलीकडे. गिऱ्हाईक नाव वाचून पाकीट परत ठेवत नव्हते. त्याच्यापर्यंत ते नाव पोचतच नव्हते. दुकानदाराने ते मागे का सारले? कंपनीच्या मसाल्यावर त्याला जास्त सुटते म्हणून, की दुसरे काही म्हणून? विचारले असते तर उत्तर काय आले असते ते आम्हाला आता पाठ आहे.

म्हणून पुढच्या महिन्यापासून दोन दुकानांत दुकानदाराचे कमिशन कंपनीइतके करतो आहोत, दोन दुकानांत आहे तसेच ठेवतो आहोत. कोणती दोन, ते चिठ्ठ्या टाकून ठरवले. पाकीट कुठल्या फळीवर आहे ते रोज लिहून ठेवायचे. लेबल चारही ठिकाणी रमाईच्याच नावाचे. दोन लेबलांचा प्रयोग तरीही व्हायला हवा, निदान पुरावा म्हणून, असे आमच्यातल्या दोघांचे अजून मत आहे. तो वाद मिटलेला नाही.