खाकी वेष्टनातले अंक

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन कामे माझ्याकडे येतात. एक माळा आवरण्याचे आणि दुसरे, यंदा कोणते दिवाळी अंक घ्यायचे ते ठरवण्याचे. दुसऱ्याची हौस असल्यामुळे पहिले मी मुकाट्याने करतो.

ही हौस मला काकांनी लावली. काका गिरगावातल्या आमच्याच बिऱ्हाडात राहत. एका कचेरीत हिशेबनीस होते. लग्न केलेले नव्हते. दिवाळीत ते चार-पाच अंक आणीत, प्रत्येकाला खाकी कागदाचे वेष्टन घालीत आणि मगच चाळीत फिरायला सोडीत. 'चिवड्याच्या तेलकट बोटांपासून साहित्याचे रक्षण झाले पाहिजे,' असे म्हणत. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, ही माहिती ते आम्हां मुलांना दर वर्षी नव्याने सांगत आणि आम्हीही ती नव्याने ऐकत असू.

काका २०१२ साली गेले. तेव्हापासून त्यांची ट्रंक माळ्यावर आहे. दर वर्षी ती पुसायची आणि होती तिथे ठेवायची, एवढेच मी करी. यंदा गंजलेली कडी हातात आली, म्हणून उघडली. आत खाकी वेष्टनातले आठ-दहा अंक निघाले. दिवाळी अंकांपेक्षा अंगाने पुष्कळच बारीक. एकाचे वेष्टन सोडवले, तर आत 'बॉम्बे दोस्त'!

नाव ऐकून होतो. ज्या पुरुषांचे मन पुरुषांवर आणि ज्या स्त्रियांचे मन स्त्रियांवर जडते, त्यांच्यासाठी अशोक राव कवी यांनी १९९० साली मुंबईत हे नियतकालिक सुरू केले. त्या वेळी १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ कलम अशा संबंधांना गुन्हा ठरवीत होते. म्हणजे या अंकांना घातलेले वेष्टन काही तेलकट बोटांच्या भीतीने नव्हते.

माळ्याखालीच बसून मी वाचू लागलो. काही मजकूर इंग्रजी, काही हिंदी. वाचकांची पत्रे, एड्सविषयी साध्या शब्दांत माहिती, पत्रमैत्रीच्या छोट्या जाहिराती. अशा कागदांच्या वाट्याला सगळीकडे सारखेच भोग आलेले दिसतात. लॉस एंजेलिसमध्ये १९५३ साली 'वन' नावाचे असेच मासिक निघाले. टपालखात्याने त्याचा ऑक्टोबर १९५४ चा अंक अश्लील म्हणून अडवला. मासिक कोर्टात गेले आणि १९५८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात उघड उत्तरे असत. त्यावरून १९३४ साली खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड भरावाच लागला.

आमच्या घरात असा कोणताच खटला झाला नाही. आम्ही फक्त थट्टा करीत असू. भाऊबीजेच्या फराळाला मी हटकून विचारी, 'काका, काकू कधी आणणार?' काका लाडू फोडत म्हणत, 'अरे, यंदा अंकांचेच भाव किती वाढलेत!' सगळे हसत. काकाही हसत.

ट्रंकेच्या तळाशी ३ जुलै २००९ चे वर्तमानपत्र नीट घडी घालून ठेवलेले होते. आदल्या दिवशी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना त्या कलमातून वगळले होते. त्या सकाळी चहा पिताना काका नेहमीसारखेच पेपर वाचत बसले असतील. मी समोरच असेन. मला काहीच आठवत नाही. तो निकाल २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात फिरला, ते दुःख त्यांना बघावे लागले नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ते बंधन अखेर काढून टाकले, तो आनंदही त्यांच्या वाट्याला आला नाही.

माझी मुलगी शेजारी येऊन बसली होती. एका अंकातल्या पत्रमैत्रीच्या पानावर पेन्सिलीची बारीक खूण होती. तिने ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "बाबा, काकाआजोबांनी याला पत्र पाठवलं असेल का?"

मला सांगता येईना. इतकी वर्षे एका पंगतीला जेवलो. लाडवांपलीकडचे आम्ही त्यांना काही विचारलेच नव्हते.

ट्रंकेला नवी कडी बसवलेली नाही. अंकांना पुन्हा वेष्टनही घातले नाही. दिवाणखान्यातल्या फळीवर दिवाळी अंकांच्या शेजारी ते ठेवले आहेत.

भाऊबीजेला बहीण येईल, भाचाही येईल. तो यंदा तिशीत आला. गेली चार वर्षे फराळाला बसला की मीच त्याला विचारतो, 'काय रे, सूनबाई कधी?' या वर्षी विचारणार नाही. चिवड्याची बशी त्याच्यापुढे ठेवीन आणि म्हणेन, 'त्या फळीवरचे काय हवे ते घे वाचायला. हात पुसले नाहीस तरी चालेल.'